हळू बोलायचं राहिलं

गोत्रीत कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको. काकांच्या डोक्यावर हेडफोन, खिशात आवाज मोठा करणारी डबी.

“अहो, सरळ कानातलं मशीन घ्या! हे काय कॉलेजकुमारासारखं?”

“मशीन दिसलं की सोसायटीत ‘बहेरा काका’ म्हणतात. हे दिसलं की वाटतं, गाणी ऐकतोय.”

“पण ऐकू येतंय का?”

“पंखासुद्धा ऐकू येतोय. तू ओरडू नकोस.”

“नंदेसरीच्या कारखान्यात तुमचे कान गेले, तेव्हापासून ओरडतेच आहे.”

“आता हळू बोल ना, प्रतिमा. पूर्वीसारखं.”

“हळू बोलण्यासारखं होतं, ते सगळं बोलून झालं. तुम्ही नुसतं ‘हो, हो’ म्हणत होतात.”

“हो, हो.”