घड्याळ दाब गं माझी आई

नाही, पण मी म्हणतो, बापाला बसायला खुर्ची द्यायची, डोक्यावर पंखा द्यायचा, आणि मग सांगायचं की तोंड उघडायचं नाही, खोकायचं नाही, हातवारे करायचे नाहीत... ही काय पद्धत झाली? त्यापेक्षा बाहेर उन्हात उभं करा ना मला! काल रविवारी थेरगावच्या एका मंगल कार्यालयात मी अर्धा-पाऊण तास असा बसलोय, तुम्हाला सांगतो, स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढा गप्प बसलो नव्हतो. आणि समोर, दहा-बारा फुटांवर, माझी पोरगी सायली, वय वर्षं अकरा, बुद्धिबळाच्या पटावर हत्ती सरकवते, हात मांडीवर घेते आणि गोगलगायीसारखी शांत बसून राहते. अगं घड्याळ! घड्याळ दाब गं माझी आई!

हे सगळं मनात, बरं का. ओठ शिवलेले.

आता तुमच्यात ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पटाशेजारी एक घड्याळ असतं. त्याची एक बाजू हिची, एक समोरच्याची. दोघांना वीस-वीस मिनिटं. चाल खेळून झाली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं, म्हणजे आपली वेळ थांबते आणि त्याची पळायला लागते. वीस मिनिटं संपली की खेळ खलास, मग तुमचा वजीर जिवंत असो नाहीतर अख्खी फौज शाबूत असो, हरलात. माझ्या आईला, अंबूबाईला कळलं हे, ती दुसरीत शाळा सोडलेली बाई! आणि जिला बुद्धिबळातलं सगळं कळतं, तिला तेवढं बटण कळत नाही. चाल अशी खेळते की तिचे शेखरसर मान डोलवतात, आणि मग दाबायचंच विसरते. समोरचा हिच्या वेळेवर फुकटात विचार करत बसतो.

आणि ही पोरगी कुणाची? माझी. मी कोण? चाकणला कंपनीत लाइन लीडर. बावन्न सेकंदाला एक पीस. त्रेपन्न झाले की साहेब काचेतून मान वर करतो, साठ झाले की उठून येतो, 'सुजित, क्या चल रहा है?' पंधरा वर्षं झाली, मी सेकंद खातो, सेकंद पितो. आणि घरात ही! दात घासायला वीस मिनिटं. आइस्क्रीमच्या दुकानात नेलं तर पिस्ता की आंबा यावर इतका विचार, की त्या माणसानं अर्धं शटर ओढलं, आम्ही वाकून बाहेर आलो. रिकाम्या हातानं. आणि आमच्या सौ. पिंकीबाई काय म्हणतात? 'अहो, विचार करते ती. सवय नाही तुम्हाला ते बघायची.' घ्या.

बरं, नुसतं घरात असतं तर चाललं असतं. पण मागच्या तीन स्पर्धा. चिखलीला हरली, टाइमवर. मारुंजीला हरली, टाइमवर. चिंचवडला हरली... आता मी सांगायला नको. आणि शेखरसर दर वेळी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवतात, 'सुजितभाऊ, पोझिशन जिंकायची होती हो, डाव हातात होता.' अहो सर, ती पोझिशन काय डब्यात भरून घरी न्यायची का?

आणि काल सकाळी पोह्यातला एकेक शेंगदाणा बाजूला काढत काढत ही मला म्हणते, 'पप्पा, आज पण टाइमवर हरले ना, तर मी बुद्धिबळ सोडणार.' दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. पण ही विचार करून बोलते, आणि एकदा विचार करून बोलली की ब्रह्मदेव आला तरी हलत नाही. खरं सांगू? आमच्या खानदानात शांत बसून विचार करणारी ही पहिलीच. बाकीचे आम्ही सगळे पळणारे. वडील कामासाठी गाव सोडून पळत इकडे आले, मी पहाटे कंपनीच्या बसमागे पळतो. आणि ही पटासमोर बसली की हिच्या चेहऱ्यावर जे काय येतं ना, ते बघायला मला फार आवडतं. पण हे मी तिला कधी सांगितलंय? नाही. तिला आजपर्यंत एकच सांगत आलोय, घड्याळ दाब गं माझी आई.

तर शेवटची फेरी. समोर कोण, तर ओंकार नावाचा पोरगा, बारा वर्षांचा, भांग पाडलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत त्याची आजी. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर पिशवी. मला म्हणतात कशा, 'त्यो आमचा नातू हाय. तुमी कुनाचं?' म्हटलं, 'मी त्या मुलीचा बाप.' 'मंजी इरोधी पारटी,' म्हणाल्या, आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. सोजराबाई नाव. थेरगावातलं जुनं घर. 'हितं आमचं वांग्याचं रान व्हतं. त्यो इस्टेज हाय न्हवं, तितं हीर व्हती.' त्या स्टेजवर काल नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवर पंच मॅडम बसल्या होत्या. आजींना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, आणि दर दोन मिनिटांनी मला कोपरानं ढोसतात, 'कोन जितलं?' 'अजून नाही आजी.' 'मग इतकी पोरं गप का बसल्यात?' मॅडम वरून, 'शूऽऽ!' कुणाला? मला! लाडू माझ्या तोंडात, बोलतायत आजी, आणि ओरडा मला.

सायलीनं सुरुवात झकास केली. सरांनी लांबून डोळे मिटून मान हलवली, म्हणजे झालं, पोझिशन जिंकायची. मला धडकीच भरली. कारण घड्याळात हिची राहिलेली साडेचार मिनिटं आणि त्याची नऊ. हिनं उंट हलवला, आणि बसली! हात मांडीवर! ओंकार हिच्या वेळेवर आरामात विचार करतोय, आणि ही छताला टांगलेली झुंबरं मोजतेय की काय... मी काय केलं, मी मनगट खाजवलं. जिथं घड्याळ बांधतात तिथंच. जरा जोरात. खाज काय सांगून येते? तिनं माझ्याकडे बघितलं, दचकून बटण दाबलं, आणि पुढची चाल अशी घाईत खेळली की घोडा फुकट गेला. चांगला पोसलेला घोडा! आणि पंच मॅडम स्टेजवरून खाली आल्या, माझ्यापाशी वाकल्या, 'काका, परत असं केलंत तर बाहेर बसावं लागेल.' काका! मी अडतीस वर्षांचा आहे हो.

हळूहळू बाकीचे सगळे डाव संपले, हा एकच उरला. मग पालकांना दोरीपर्यंत येऊ दिलं. मी दोरीला चिकटून, आजी माझ्या दंडाला धरून, शेखरसर देव आठवतायत. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, थोडी प्यादी, आणि घड्याळ... हिचे अकरा सेकंद, त्याचे नऊ. तुम्हाला सांगतो, आमच्या लाइनवर अकरा सेकंदांत मी दोन बोल्ट कसतो, एका पोराला शिव्या देतो आणि चहाचा घोट घेतो. पण त्या अकरा सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते मला माहीत. पोरगी बुद्धिबळ सोडणार. पट कपाटावर जाणार. रविवारी माझ्यासारखी मोबाइल बघत लोळणार. घड्याळ दाब, अगं घड्याळ दाब, दाब गं माझी आई... आणि दाबलं! चाल खेळली आणि दाबलं! चार सेकंद शिल्लक ठेवून!

आता ओंकारची पाळी. पोरगं चपळ. त्यानं हत्तीनं हिचं प्यादं मारलं, आता त्या हातानं बटण दाबणार, एवढ्यात ते मारलेलं प्यादं त्याच्या मुठीतून निसटलं. टेबलाखाली पडलं. गडगडत गेलं आणि त्याच्याच बुटाला लागलं.

आणि तो थांबला. नऊ सेकंदांतले पाच राहिलेले, बटण हातभर लांब, आणि हा पोरगा थांबला. खाली वाकला. प्यादं उचललं. कपाळाला लावलं. पाय लागला होता ना! मग ते नीट टेबलाच्या कडेला ठेवलं, आणि मग बटण दाबलं. घड्याळात शून्य.

पंच मॅडम म्हणाल्या, 'टाइम.'

मला आधी कळेचना कुणाचा टाइम. चौथ्यांदा ऐकत होतो तो शब्द, अंगवळणी पडला होता. मग सरांनी मला मिठी मारली, तेव्हा कळलं. सुटलो! तुम्हाला सांगतो, इतकं हलकं वाटलं की मी दोरी सोडून तिथल्या तिथं खाली बसलो. जिंकली! चार सेकंद राखून, टाइमवर जिंकली!

आणि मग मी ओंकारकडे बघितलं. त्याचा खालचा ओठ थरथरत होता. आजी मला विचारतात, 'आता जितलं का कुनी?' काय सांगू? म्हटलं, 'आजी, ओंकार हरला. प्याद्याला पाय लागला म्हणून नमस्कार करायला गेला, तेवढ्यात वेळ संपली.' मग म्हणाल्या, 'नमस्कार क्येला न्हवं त्यानं?' म्हटलं, 'केला.' 'मग झालं. माज्याकडनं येवडंच शिकवायचं व्हतं. बाकीचं त्येच्या सरांचं.' आणि पिशवीत हात घालून नातवासाठी लाडू शोधायला लागल्या.

तिकडे सायलीनं त्याच्याशी हात मिळवला. मिळवला आणि सोडला नाही, विचार करत बसली असणार. मग म्हणाली, 'मी पण केला असता.' तो हसला. डोळे पुसत हसला. माझ्या लाइनवर कुणी असा वेळ घालवला असता ना, तर मीच पहिला ओरडलो असतो. पण काल मी त्या पोराच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला स्वतःलाच कसंतरी झालं.

असो. निघालो. मी गाडीवर पुढे, ही मागे. डांगे चौकात सिग्नल लागला. म्हटलं, आता विचारून टाकू. 'बाळा, मग? खेळणार ना पुढं?' मागून आवाज नाही. सिग्नल सुटला. मागून हॉर्न, टेम्पोवाला म्हणतो, 'ओ भाऊ, झोपला का?' मी गाडी कडेला घेतली. ही विचार करतेय. सिग्नल परत लागला, परत सुटला. मी एक शब्द बोललो नाही, मनगटसुद्धा खाजवलं नाही. तिसऱ्यांदा सिग्नल लागला तेव्हा मागून आवाज आला, 'खेळणार.' सुटलो बाबा! मी किक मारणार, तेवढ्यात पुढचं आलं. 'पण पप्पा, तुम्ही यायचं नाही. तुमच्याकडे बघितलं की मला घाई होते.'

तीन सिग्नल विचार करून बोललेली ती. मी लगेच 'बरं' म्हटलं. काही विचार न करता. विचार करायला आमच्या घरात एक माणूस आहे.