कॅसेटची दुसरी बाजू

दवाखान्यात बाळाला थोपटत बसलेल्या तिच्या डोळ्याला दोन दिवस डोळा लागला नव्हता, कारण बाळच झोपत नव्हतं. शेजारी एक शिंपीकाका आणि त्यांचा मेहुणा गप्पा मारत होते.

“भावोजी, कुणी न ऐकलेली एखादी कॅसेट सांगा. पेटीभर आहेत तुमच्याकडे.”

“अंगाईगीतांची एक आहे. काय गायल्यात बाई! पण अजिबात चालली नाही.”

“का?”

“पहिल्याच गाण्याला ऐकणारा घोरायला लागायचा. दुसऱ्या बाजूपर्यंत पोचणार कोण?”

“थापा!”

“तुझ्या ताईला विचार. ती कॅसेट लावून शर्ट शिवायला बसलो, तर दोन्ही बाह्या एकाच खांद्याला जोडल्या.”

“मग म्हणून दाखवा.”

“इथे? लोक हसतील.”

“म्हणा ना, काका,” ती बोलून गेली आणि ओशाळली.

काका खाकरले. सुईत दोरा ओवताना करावेत तसे डोळे बारीक करून गुणगुणू लागले. बाळाच्या मुठीतलं तिचं बोट हळूच सुटलं. तिने त्याच्या नाकाशी हात धरून श्वास पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला.

“नंबर पंधरा!” आतून हाक आली. नंबर तिचाच होता.

“तुम्ही जा हो आधी,” ती मागच्या बाईंना कुजबुजली. मेहुण्याची मान एव्हाना काकांच्या खांद्यावर कलली होती.

“काका, ती दुसरी बाजू तुम्ही तरी ऐकलीत का?”

“कसली ऐकतोय! तीस वर्षं प्रयत्न चाललाय.”