मानेवरची निळी रेघ

न्हाई म्हनले ना पोरी, मानेवर मी सुई लावत न्हाई — हातावर सांग, कपाळावर सांग, पोटरीवर म्हनशील तर मोर काढून देते, तुमच्या तांड्यातल्या निम्म्या बायांच्या हातावर या भिकाबाईचंच गोंदन हाय — पन मान न्हाई. काहून म्हनून काय इचारतीस? न्हाई म्हंजी न्हाई. गोरेगावच्या बाजारात दुसरी कोनी गोंदनारी बसत असल तर तिच्याकडं जा — बसत न्हाई, ठावं हाय मला. आन् ती ओढनी अशी गळ्याला आवळून काहून बसलीस, एवढ्या उन्हाची? घाम गळून राहिला नुसता. सोड. सोड म्हनते ना, मी काय तुझी सासू हाय का —

अगं माय.

थांब, बोलू नको, बघू दे मला. कानाखाली एक गाठ, हितं हाडाच्या वर दुसरी — बसत आल्यात दोनी — आन् भवतीनं कातडी काळवंडलेली. आन् ही रेघ. निळी, चौकोनी. पुसट झाली, पन हाय. मला काय सांगतीस कशाची हाय म्हनून! म्या पाहिलेली हाय ही रेघ. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यातला साहेब दौतीत काडी बुडवून काढतो, या चौकोनात बिजलीचा शेक द्यायचा म्हनून. म्हंजी तू तिथं जाऊन आलीस. किती झाले शेक? आठ. आन् सांगितले किती? वीस! मंग उरलेले बारा कोन घेनार, मी? — भावाच्या लग्नापायी सुट्टी दिली, बरं. किती दिसाची? आठ. आन् आज कितवा? — बारावा. आन् बाराव्या दिशी तू साहेबाकडं जायचं सोडून माझ्याकडं आलीस, गाठीवर गोंदून घ्यायला. कोन्या शहान्यानं पाठवलं तुला? मान काय हालवतीस? आधी माझं ऐक.

सासू कुठं हाय? बांगड्या भरायला गेली? मंग हाय येळ. रुख्मिनीबाईला बांगडी पसंत पडेस्तोवर बाजार उठतो.

माझी लेक होती, जिवना. तुझ्याच वयाची. तीन वर्सं झाली — शिमगा झाला आन् तिच्या मानेला अशीच गाठ आली, सुपारीएवढी, दुखत न्हाई खुपत न्हाई. गाठ दिसली की पोरी, जो तो आपापला इलाज घेऊन दारात येतो. माझा भाऊ लखमा म्हनला, इळा तापव आन् डाग दे. शेजारीन म्हनली बिबा घाल, गंडमाळच हाय ही. हिंगोलीच्या डाक्टरकडं नेलं तर त्यानं सोमलाचे, त्या इखाचे, थेंब दिले — आज तीन, उद्या चार, असं वाढवत न्यायचं, आन् डोळे सुजले की थांबायचं — पन तो सोता म्हनला, बाई, ही गंडमाळ न्हाई, दुसरी बिमारी हाय, या थेंबाच्या भरवशावर बसू नका. हैदराबादला न्या. शेक हाच हिचा पयला इलाज हाय, आन् पयला इलाज बराबर झाला तर दुसऱ्याची गरज पडत न्हाई. पयला! मला राग आला. म्या मनात म्हनलं, पयला इलाज तर माझ्या घरात हाय. माझी सुई. गुडघा धरला तर गुडघ्यावर गोंदते, अर्धशिशी असली तर कानशिलावर — लोक लांबून येतात माझ्याकडं, कनेरगाव नाक्यावरून येतात — आन् मी माझ्या लेकीला घेऊन आगगाडीत बसू?

अकरा ठिपके घातले. गाठीच्या भवतीनं.

नको म्हनली ती. "माय, नको, हैदराबादला जाऊ" म्हनली. म्या तिचं डोस्कं गुडघ्यात दाबून धरलं. असं. — न्हाई, भिऊ नको, तुला न्हाई धरत. दाखवलं नुसतं.

पिकलं. समदी मान पिकली, ताप चढला. मंग धावलो आमी. हिंगोलीहून गाडीत बसलो, पूर्नेला बदलली, दोन दिसानं पोचलो. साहेबानं बघितलं. रागावला न्हाई तो. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हनला, जखमेवर शेक देता येत न्हाई, कातडी भरून येऊ द्या. पाच हप्ते तिथल्या ओसरीत काढले आमी, पाच हप्ते — मी रोज सकाळी पट्टी उचलून बघायची, भरली का, भरली का — आन् गाठ काय बसून वाट बघनार होती? छातीत उतरली. मंग साहेबानं रेघ काढली. दोन शेक झाले. तिसऱ्या दिशी दम लागला आन् गेली. न्हाऊ घालताना बघितलं म्या — निळी रेघ, आन् तिच्या आत माझे अकरा ठिपके.

आन् गावात येऊन काय सांगितलं म्या? — हे सांगायचं नव्हतं तुला. जाऊ दे. पानी पी. — गावात येऊन म्या सांगितलं, शेकानं मारलं. बिजलीनं जाळलं माझ्या लेकीला, म्हनलं. दर बाजाराला, हितं बसून, सुई चालवता चालवता. बाया रडायच्या माझ्यासंगं. बरं वाटायचं मला.

काय? तुझी सासू बी तेच म्हनते? "भिकाबाईची लेक शेकानं जळाली" — असं म्हनते?

आन तो तांब्या हिकडं, मला बी घोट घेऊ दे.

बोल, पोरी. मी ऐकून राहिले. गाठीवर न्हाई? मंग कुठं पायजे तुला गोंदन — रेघेवर? काहून? — हां. हां. रोज सकाळी तेल आन् बेसन लावून सासू मान घासते. रेघ जावी म्हनून. आन् तुझा सासरा नेमसिंग, तांड्याचा नायक, समद्यांसमोर म्हनला, ही सरकारी निशानी हाय, निशानी हाय तवर पोरीला पाठवावंच लागंल, आन् निशानी मिटली की इलाज संपला. म्हंजी त्यो तिकडं सरकारला भितो, सासू हिकडं शेकाला भिते, आन् तू अंगुळभर रेघेला धरून जीव वाचवायला निघालीस! आन् मी तुला काय काय बोलले.

ये सरकून हिकडं. मान उजेडाकडं कर.

थांब, ही सुई न्हाई, नवी घेते. दिव्यावर धरते, उकळत्या पान्यात बी घालते, घाई करू नको. काजळ करडीच्या तेलाचं हाय, लढाईपायी रॉकेल मिळत न्हाई, पन बरंच झालं, हे मऊ असतं. आत न्हाई टोचायची मी, काळवंडलेल्या कातडीला हात न्हाई लावायची. भाईरून, चार कोपऱ्याला चार ठिपके, तिळाएवढे. साहेबाला कोपरे गावले की रेघ त्यो ओढून घेतो.

हा एक. — दुखलं? — हा कानामागचा, हालू नको. — तीन. आता घास म्हनावं बेसन लावून, मसनात जाईस्तोवर घास. — चार.

झालं. हळद लावते. पिकलं बिकलं तर हितं येऊ नको, थेट गाडीत बस. उद्याची गाडी. उद्या, समजलं? आन् ओढनी नको घेऊ वर, दिसू दे त्यांना.

ऊठ आता, ती बघ तुझी सासू येऊन राहिली, हातभर बांगड्या भरून. तू बैलगाडीत जाऊन बस. जा म्हनते ना! मागं वळून बघू नको.

— या रुख्मिनीबाई. बसा. न्हाई, गोंदायचं न्हाई काही, हात ऱ्हाऊ द्या. बसा नुसत्या. माझ्या जिवनाला शेकानं न्हाई मारलं.