दुखत नाय ना?

नाय, मला सांगा, कंबर धरली की खायची गोळी छातीतल्या गाठीवर कोण देतं? आमच्या घरात देतात. तुम्हाला सांगतो, पेणजवळ जोह्यात आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, बाबा गेल्यापासून हरेशकाकाच्या ताब्यात, आणि अख्ख्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारा हात एकच, माझ्या आईचा. जूनमध्ये तिच्या हाताला छातीत गाठ लागली, हात वर करताना काखेत ओढ बसायला लागली, तर काका मोबाईल पुढं करून म्हणतो, सूज उतरवणाऱ्या गोळीनं छातीचा कॅन्सर होतच नाय, झाला तरी जातो, परदेशात सिद्ध झालंय. मी तो मेसेज खालपर्यंत वाचला ना... खाली लिहिलेलं, अभ्यास अजून चालू हाय, डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. पण मी कोण? रोह्याची फार्मसी अर्ध्यात सोडून आलेला.

"गोळ्यांतलं कळत असतं तर पास झाला असतास."

काका बोलला, संपलं. गोळी चालू, रोज दोन. चौथ्या दिवशी हात वर जायला लागला, काका खूश, सकाळी रंगाच्या वाट्या मांडताना एकच विचारायचा, दुखत नाय ना? ती म्हणायची, नाय. अहो दुखणार कसं, दुखणंच तर दाबलंय, गाठ थोडीच गेलीय! मी म्हटलं पेणला डॉक्टरला दाखवू, तर काका म्हणे बुकिंगचे गणपती जाईपर्यंत डोळ्यांवरचा माणूस उठत नाय, आजोबांपासूनची रीत हाय. जुलैत पोट जळायला लागलं, त्यावर आणखी एक गोळी. दुखत नाय ना? नाय. मग ब्लाउजची बाही काखेत रुतायला लागली, ती तिनं गुपचूप उसवली, मला दिसलं... पण दुखत नाय ना?

गणपतींचा शेवटचा टेम्पो गेला त्याच दुपारी तिला पेणला नेली. डॉक्टरीणबाई हसत बोलत होत्या, हात लावला आणि काखेपर्यंत पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं. मग विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, जूनपासून, पण दुखत नाय म्हणायची. मग म्हणाल्या,

"दुखत नव्हतं म्हणून थांबलात? अहो, ही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही."

चिठ्ठी दिली, उद्याच्या उद्या मुंबईला, सुई घालून तपासायचं. बाहेर काका उभा. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि काय म्हणाला असेल?

"बघ, गोळी होती म्हणून एवढ्यावर थांबलं."

मी आईकडं बघितलं, म्हटलं आता तरी बोलेल. बोलली ना. म्हणाली, भावजी कधीचे उभे हायत, त्यांना चहा सांग.

सांगितला. काय करणार?