चोवीस तास हजर असलेल्या डॉक्टरबाई

नाव चंद्रकुमार डोमनलाल बिसेन, वय ५२ वर्षे, धंदा कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणे व एका साप्ताहिकात लोकांची खोड काढणे, राहणार गोंदिया.

आज दिनांक १९ एप्रिल २०२५ रोजी ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, मुख्य तक्रारीआधी माझी दुसरी एक तक्रार नोंदवावी. या खोलीतला पंखा फक्त हवालदारसाहेबांच्या टेबलाला वारा देतो. घाम फुटल्यावर माणूस खरे बोलतो अशी खात्याची समजूत असेल तर ती तपासून घ्यावी. हे लिहिण्याची गरज नाही, असे हवालदारांचे म्हणणे पडले. माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

माझी मुलगी दुर्गेश्वरी, वय २६, एमबीबीएस असून तिची वैद्यकीय परिषदेकडे रीतसर नोंदणी आहे. इंद्रकुमार नावाचा इसम गोंदियात ऑफिस थाटून डॉक्टरांना खाजगी दवाखान्यांत नोकऱ्या लावून देतो, पगाराची बोलणी करतो आणि पहिल्या पगारातला अर्धा हिस्सा घेतो. ३ फेब्रुवारी रोजी मी त्याच्याकडे गेलो. त्याने आधीच फोनवर सांगितले होते, "सर, मॅडमले संग नका आणू. पोरगी बोलणीत बसली का भाव पडते." मला ते पटले. आमच्याकडे मुलीची बोलणी बाप करतो, तशी नोकरीचीही करावी असे मला वाटले. मुलगी चप्पल घालून दारापर्यंत आली होती.

तिने मला, "बाबूजी, मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या," असे सांगितले. मी तिला, व्यवहार मला शिकवू नको, असे म्हटले. नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र मी इंद्रकुमारला दिले. शिवाय मुलगी पास झाली तेव्हा मी हौसेने तिच्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला होता, तोही दिला. मागितला नव्हता. शिक्क्यावर नाव, नोंदणी क्रमांक आणि माझा मोबाईल नंबर आहे. मुलीला भलत्यासलत्यांचे फोन येऊ नयेत म्हणून माझा घातला.

त्यानंतर अडीच महिने बोलणी चालली. दर आठवड्याला इंद्रकुमार सांगे, "दवाखानेवाले साठ हजारावर आहेत, आपण सत्तरवर बसून राहू. घाई केली का गरजू दिसते." मी बसून राहिलो. मुलगी घरी बसून राहिली. ती विचारायची, मी "चालू आहे" म्हणायचो. मार्चपासून तिने विचारणे बंद केले.

१७ एप्रिल रोजी सकाळी साडेनऊला माझ्या मोबाईलवर अनोळखी बाईचा फोन आला. "डाक्टरीनबाई हायेत का जी? तुमच्या गोळीनं माहं डोस्कं गरगर करून राहिलं. काल अंगणात पडली, हात मोडला." बाईचे नाव रामबाई, राहणार आमगावजवळचे खेडे. कोणती गोळी, असे विचारता तिने सांगितले की, आमगावच्या एका खाजगी दवाखान्यात बीपीची दिली, चिठ्ठीवर हा नंबर आहे. चिठ्ठी कोणी लिहिली, असे विचारता म्हणाली, "एक पोऱ्या होता. म्हने मॅडम आतमंधी हायेत."

मी त्याच दिवशी मुलीला घेऊन आमगावला गेलो. दवाखान्याच्या दारावर पाटी आहे, 'डॉ. कु. दुर्गेश्वरी चं. बिसेन, निवासी वैद्यकीय अधिकारी, २४ तास हजर'. माझी मुलगी तेव्हा पाटीखाली उभी होती. आतल्या माणसाने तिला, मॅडम जेवायला गेल्या, बसा, असे सांगितले. आत भिंतीवर तिचे मूळ प्रमाणपत्र काचेत लावलेले होते. रामबाईला आम्ही जाताना गावातून सोबत घेतले होते; तिला दिलेली गोळी तिच्या वयाला व वजनाला दुप्पट होती, असे मुलीने तिची चिठ्ठी पाहून सांगितले. खाली शिक्का माझ्या हौसेचा, सही कोणाचीतरी.

तिथूनच मी इंद्रकुमारला स्पीकरवर फोन लावून जाब विचारला. तो म्हणाला, "काऊन तापता सर? नोकरी तर लागली ना. मॅडमले फक्त जावं लागत नाही. महिन्याचे पंधरा हजार मी आणूनच देणार होतो." मी म्हटले, उद्या कोणी मेले तर? तो म्हणाला, "आमगावात कोण विचारते?" मी आयुष्यभर लोकांवर तिरके लिहीत आलो आहे. त्या वेळी फोन मात्र मुलीने माझ्या हातातून घेतला. ती एवढेच म्हणाली, "मी विचारते आहे."

या प्रकाराने मुलीची नोंदणी रद्द होऊ शकते. साडेपाच वर्षे तिने शिकून मिळवलेले नाव मी एका दुपारी पिशवीत घालून देऊन आलो. इंद्रकुमार व सदर दवाखान्याचा चालक यांच्यावर कारवाई व्हावी, प्रमाणपत्र व शिक्का जप्त व्हावा. मुलीचा जबाब वेगळा घ्यावा. तो देताना मी खोलीत थांबणार नाही.

रामबाई हाताला प्लास्टर घालून बाहेर बाकावर बसली आहे. तिच्याकडून तपासणीचे दीडशे रुपये घेतल्याची पावती आहे. ते मी तिला दिले. ती म्हणाली, "तुम्ही कायले देता जी? तुम्ही थोडीच गोळी देल्ली." मी म्हटले, पावतीवर नाव आमचे आहे. ही बाब जबाबात नको, असे मी हवालदारांना सांगितले. राहू द्या, असे मुलीने सांगितल्यावरून ठेवली आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, आणि या वेळी मुलीलाही. तो माझ्या सांगण्याबरहुकूम व खरा आहे.