डब्यांवरचे थेंब

नाही काका, हा नको, ह्याला खाली बाटली लावायची ना — ह्याने सायकल रंगवा, कपाट रंगवा, माझे डबे बोटभर लांबीचे आहेत. रेल्वेचे मालडबे हो, मॉडेलचे. मला वर कप असलेला एअरब्रश दाखवा, डबल अ‍ॅक्शन — खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग, सगळं वाचून आलेय मी. तुम्ही फक्त एवढं बघा की भाऊजींकडे आहे त्याच्यापेक्षा चांगला हवा. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. त्यांच्याकडे पॉइंट थ्रीची सुई आहे, मला पॉइंट टू द्या. काय म्हणता, बारीक सुई म्हणजे चांगला एअरब्रश असं काही नसतं? रंग अगदी दुधासारखा पातळ करावा लागेल, नाहीतर सारखा तुंबेल? तुंबू दे की. साफ करत बसेन. मला वेळच वेळ आहे, घरात मला कोणी काही काम सांगतच नाही.

हा जरा जड आहे. हा बरा — हो, हा बोटात बसतो. बाबांनी बघितला असता तर नाक मुरडलं असतं. बाबा रंगारी, भिंतींचे नाही, गाड्यांचे. रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं डब्यांवरची अक्षरं आणि आकडे हाताने काढले, ब्रशने, पट्टी न लावता. निवृत्त झाले आणि मागच्या खोलीत छोटी रेल्वे मांडली — रूळ, पूल, सिग्नल, सगळं स्वतः केलेलं. मी शाळेत असताना एकदा म्हटलं होतं, बाबा, आपण एअरब्रश घेऊ या, रंग सारखा बसतो, पत्र्यावरच्या रिव्हेटांचे दाणे बुजत नाहीत. तर म्हणाले, ज्याच्या हातात दम नाही त्याला फवारा लागतो. झालं, विषय संपला. मग मी शिकायला गेले, लांब, सहा वर्षं. ह्या वर्षी परत आले, मागच्या खोलीचं दार उघडलं — तर कोपऱ्यात कॉम्प्रेसर, टेबलावर एअरब्रश, आणि बाबांच्या स्टुलावर भाऊजी. अंगात बाबांचा अ‍ॅप्रन. म्हणजे मी मागितला तेव्हा दम नव्हता, जावयाने मागितला तेव्हा दम आला? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वाईट नाहीत हो ते. शिलाई मशीन दुरुस्त करतात, हात स्थिर आहे, बोलतात कमी — खरं तर वाईट असते तर बरं झालं असतं, माझं काम सोपं झालं असतं.

कॉम्प्रेसर? तो आहे, टाकीवाला, दाब एकसारखा राहतो. त्यांचाच. ते गावाला गेलेत तीन दिवस, उद्या संध्याकाळी येतील, तोवर — तोवर असंच आपलं. सुई वेगळी मिळते का हो काका, नुसती? सहज विचारलं.

तुम्ही म्हणाल ही मुलगी एअरब्रश घ्यायला आलीये की गाऱ्हाणं सांगायला. पण तुम्हीच सांगा. मागच्या महिन्यात मी एक डबा रंगवला. मुद्दाम ब्रशने, बाबांच्या पद्धतीने. तो तांबूस तपकिरी रंग असतो ना मालडब्यांचा, तो मिळवायला तीन दिवस घालवले. एका बाजूवर अक्षरं काढली, दुसरी बाजू कोरी होती अजून. नेऊन बाबांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला — दोनदा, तीनदा — म्हणाले, गुळगुळीत झालाय. रंगाबद्दल चकार शब्द नाही. आणि मग म्हणाले, अक्षरंही छान आलीत. काका, कोरी बाजू होती त्यांच्याकडे. कोरी. इतकं कोणी टाळावं पोटच्या मुलीला? बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. बघतच नाहीत माझ्याकडे. मी समोर बसून बोलते तेव्हा मान वळवून दाराकडे बघत असतात, जणू मी कधी संपते आणि कधी कोण येतं. आणि भाऊजी आले की काय रंग चढतो म्हणून सांगू — ह्या बाटलीवर काय लिहिलंय वाच रे, त्या डब्याचा नंबर वाच रे — आणि हे वाचतात, हळू आवाजात, मंत्र दिल्यासारखे. मी खोलीत शिरले की दोघं गप्प. मी म्हटलं मी वाचते, तर बाबा म्हणाले, तू कशाला, तुम्ही शिकलेली माणसं मोठ्या कामाची.

आता मोठं काम ऐका. मी परत आले ती कशासाठी? तिकडे नोकरी होती माझ्यासाठी, खोली होती, मैत्रिणी वेड्यात काढत होत्या. मी म्हटलं, माझ्या बापाच्या हातात जे आहे ते त्याच्याबरोबर संपता कामा नये. हाताने अक्षर काढणारा माणूस आता शोधून सापडत नाही. आमच्या घराशेजारी एक शेड रिकामी पडली आहे. तिथे वीस टेबलं, वीस मुलं, समोर बाबा — मी सगळा आराखडा काढून आणला होता, कागद मोठा, अक्षर माझं चांगलं. बाबांपुढे पसरला. त्यांनी हाताने कागद चाचपला, चांगला जाड आहे म्हणाले, आणि भाऊजींकडे सरकवला — तू वाच. काका, मी समोर उभी होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. भाऊजींनी वाचलं. बाबांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, मला नाही जमायचं शिकवायला. चौतीस वर्षं काम केलेला माणूस, आणि जमायचं नाही. मी रडले नाही तिथे. नंतर रडले.

तर परवा प्रदर्शन आहे, शाळेच्या सभागृहात. दरवर्षी असतं. बाबांची तिथे एक ठरलेली गंमत असते — कारखान्यात त्यांनी शेवटची रंगवलेली गाडी, तिचे सात बंद डबे, छोटे केलेले, सातही एका साच्यातले, फरक फक्त नंबरात. सगळे ढीग करून समोर ठेवायचे आणि बाबांनी खऱ्या गाडीच्या क्रमाने एकेक उचलून रुळावर जोडायचे, एका मिनिटात. लोक घड्याळ लावून बघतात. मोठे मोठे कारखान्यातले जुने साहेब येतात त्यासाठी. ह्या वर्षी ते डबे भाऊजींनी नव्याने रंगवून दिले. मी नाही. मला विचारलंसुद्धा नाही.

म्हणून ते गावाला गेल्यावर मी डबे खाली काढून बघितले. हो, चुका शोधायलाच, आता तुमच्याशी काय लपवायचं. आणि सापडल्या. रंग सुरेख बसला होता, पण प्रत्येक डब्याच्या कडेला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, थेंब. वाळून टणक झालेले, फुगीर, बोटाला लागणारे. एवढा भारी एअरब्रश आणि थेंब गळतात? आणि गंमत बघा, एका डब्यावर एकच थेंब, दुसऱ्यावर दोन, असं करत करत सातव्यावर चक्क सात, ओळीने. माणूस जसजसा थकत गेला तसतसा गळत गेला. मला इतकं बरं वाटलं काका, खोटं कशाला सांगू, जेवण गोड लागलं त्या दिवशी. म्हटलं, झाकली मूठ उघडली. बाबांनी परवा सगळ्यांसमोर हे मिरवायचे? काल दुपारी बसले, बारीक कागदाने सगळे थेंब घासून सपाट केले, सातही डब्यांचे, आणि वरून रंगाचा हलका हात मारला. भाऊजींच्याच एअरब्रशने. दुसरा कुठला आहे? आणि धुताना सुई ओढून काढली ती टोकावर पडली. नाचता येईना तर अंगण वाकडं असं नका म्हणू, सुई खरंच नाजूक असते.

ही बघा. रुमालात बांधून आणलीये. टोक वाकलंय, दिसतं ना? अशीच सरळ होईल का? नाही. वाटलंच होतं. म्हणजे नवी द्या, पॉइंट थ्रीची, आणि हा वरचा एअरब्रशही द्या, माझा म्हणून. दोन्ही द्या. भाऊजींना कळायच्या आत मी —

तुम्ही ओळखता ही सुई? तुमच्याकडूनच गेली. बरं. भाऊजी घेऊन गेले असतील. — कोण? बाबा? इथे? ते स्वतः आले होते ह्या दुकानात, ह्या काउंटरला?

काय विचारलं त्यांनी?

नाही, काका, सांगा. सांगा, मी ऐकतेय. चाचपून बघितला का हातात — हो, सवयच आहे त्यांची. किमतीची चिठ्ठी भाऊजींनी वाचली, बरं. खोक्यावरचं नाव भाऊजींनी — ते ठीक आहे, चष्मा विसरले असतील. मग? तुम्ही म्हणालात काय?

कसले ठिपके?

गोंदाच्या बारीक नळीने, घट्ट रंगाचे ठिपके. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. तुम्ही सुचवलंत हे. बोटाला लागावेत म्हणून. म्हणजे उचलला की कळावं कितवा ते.

किती दिवस झाले त्यांना दिसेनासं होऊन?

दोन वर्षं. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, म्हणून मान — हो. दाराकडे. मला वाटलं दाराकडे बघतात.

मग भाऊजींना माहीत होतं. ताईला? ताईलाही. आणि तुम्हाला. तुम्ही कोण, काका? दुकानदार. तुम्हाला सांगितलं त्यांनी, ह्या काउंटरपाशी उभं राहून, परक्या माणसाला, आणि मला एका फोनवर नाही — दर रविवारी बोलायचो आम्ही, अर्धा अर्धा तास, हवा कशी आहे, खोकला कसा आहे. काय म्हणाले, का नाही सांगायचं? — शिकणं सोडून येईल म्हणून. आणि आल्यावर? आल्यावर का नाही? आले ना मी. ती शाळा घेऊन आले, वीस टेबलं घेऊन, आणि त्यांनी काय म्हणायचं माझ्यासमोर — मला अक्षर दिसत नाही, असं? त्यापेक्षा जमायचं नाही म्हणाले. कळलं. समजावू नका मला. कळलं.

तरी मला सांगायला हवं होतं. आधी मला. सगळ्यांच्या आधी मला.

परवा लोक घड्याळ लावून बसतील आणि ते सात डब्यांवर बोट फिरवतील. गुळगुळीत. सगळे गुळगुळीत.

नाही, एअरब्रश ठेवून द्या, मला नको तो. सुई द्या. आणि ती गोंदाची नळी, जी त्यांना दिली तीच. क्रम मला येतो, नंबर वाचून लावेन, तेवढं डोळ्यांनी जमतं मला. पण ठिपके केवढे असायचे? मोहरीएवढे, त्याहून बारीक? दोघांत अंतर किती? मी घासले ते बघून नाही घासले काका, रागात घासले. त्यांचं बोट कशाला सरावलंय ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. एकालाच माहीत आहे.

कशाला, मी करते फोन, माझ्याकडे आहे भाऊजींचा नंबर. तुमच्या फोनवरून लावताय? लावा. लावा मग. पण तुम्ही जरा तिकडे, रंगांच्या मांडणीपाशी जाता का, पाच मिनिटं. गिऱ्हाईक आलं तर थांबवा.

हॅलो, भाऊजी. मी धाकटी. नाही, बाबा बरे आहेत. भाऊजी, तुमचे सातही डबे मी खराब केले. हो, थेंब. — काही बोलू नका, आधी मला सांगा, ठिपका केवढा टाकता तुम्ही.