सुटणार अकरा चाळीस

काकू : सात मिनिटं? अहो, माझे गुडघे गाडीच्या त्या पायरीवरून खाली उतरायलाच तीन मिनिटं घेतात!

काका : म्हणून तर तुला सात दिलीत. बसमध्ये मी सगळ्यांना पाचच द्यायचो.

काकू : ते प्रवासी होते, मी बायको आहे तुमची. बाराशे किलोमीटर, सलग बावीस तास, आणि खाली उतरायचं तीन वेळा, सात-सात मिनिटं. वर इंजिन चालूच! कागदावर मिनिटं मांडून कुणी लेकीकडे जातं का?

काका : तेहतीस वर्षं बस चालवली. एकदाही उशीर नाही.

काकू : तेव्हा अर्ध्या वाटेत दुसरा ड्रायव्हर बसायचा. आणि तेव्हा तुम्ही सदुसष्टचे नव्हता. रात्री मी चालवते थोडा वेळ.

काका : तू? गिअर टाकताना तू त्याची माफी मागतेस.

मेकॅनिक : काका, गाडीखालून बोलतोय म्हणून राग मानू नका. पण या आजीबाईला सत्तावीस वर्षं झालीत. दर तीन तासांनी तिला तासभर गार होऊ द्यायलाच हवं.

काका : बंदच करायची नाही. तापल्यावर बंद केली की पुन्हा चालू होत नाही. स्टार्टर गेलाय.

मेकॅनिक : नवा बसवलाय की! परवाच. तुम्हीच उभे होतात शेजारी टॉर्च धरून.

काकू : घ्या! आठ दिवस त्या स्टार्टरच्या नावानं माझं डोकं खाताय. मग घाई कसली आहे, ते तरी सांगा.

काका : घाई नाही. वेळापत्रक आहे.

काकू : दाखवा इकडे. पोहोच, अकरा दहा. बरं. आणि हे खाली काय? सुटणार, अकरा चाळीस. कुठून सुटणार?

काका : तिथून.

काकू : लेकीच्या घरून? अर्ध्या तासात?

काका : बस पोहोचली की अर्ध्या तासात परत फिरवायची असते. हाताला सवय. लिहिलं गेलं.

काकू : मग हा ठेवला कागद बॉनेटवर. खोडा.

काका : पेन्सिल सापडत नाहीये.

काकू : कानावर आहे तुमच्या. अहो, चार वर्षांनी पोरगी दिसणार आहे. तोंड धुऊन चहा घ्यायलाच अर्धा तास लागतो मला!

काका : तिनं 'या' म्हटलंय. 'राहा' म्हटलंय का?

काकू : ते काय वेगळं म्हणायचं असतं?

काका : मी वेगळं म्हटलं होतं ना. बँकेतली नोकरी सोडून रोपं विकायला निघाली, तेव्हा. उपाशी राहिलीस तरी या दारात परत येऊ नकोस, म्हणालो होतो. ती आलीही नाही. आता मी तिच्या दारात जाऊन पाय पसरून बसू? अर्धा तास पुरे. इंजिन चालू असलं म्हणजे तिलाही संकोच नको, मलाही नको.

काकू : असं आहे होय! आणि बिचाऱ्या स्टार्टरवर ढकललंत सगळं.

(काकूंच्या फोनवर मेसेज येतो.)

काकू : तिचाच आहे. थांबा, फोनची अक्षरं बारीक, चष्मा लावते. 'आई, बाबांना गाडीची उंची विचार. फाटकातल्या झाडाची एक फांदी अडीच मीटरवर आडवी येते. आठवडाभर गाडी बाहेर उन्हात राहिली तर रंग उडेल, बाबांना चालायचं नाही. उद्या फांदी तोडून घेते.'

काका : आठवडाभर?

काकू : असंच लिहिलंय. वाचा तुम्हीच.

काका : कुठलं झाड?

काकू : तिथं गेल्यावर पहिलं लावलेलं. फोटो पाठवला होता बघा. तुम्ही बघितला नव्हता.

काका : बघितला होता. तू झोपल्यावर. तोडू नको म्हणावं. गाडी दोन मीटर नव्वद आहे, पण वरच्या कॅरियरसकट. कॅरियर काढलं की अडीचच्या आत. अरे ए, ऐकलंस का? कॅरियर उतरव.

मेकॅनिक : काका, डिझेलचे कॅन, जादाचे टायर, सगळं त्याच्यावर आहे. ते उतरवलं तर न थांबता जायचं विसरा. पंपापंपावर थांबत जावं लागेल.

काका : मग थांबू की. मला काय शिकवतोस? उतरव.

मेकॅनिक : कालच चार तास घालवून बसवलं हो ते!

काकू : काय बाई तऱ्हा माणसाची! बरं, मी कळवते तिला. पण आधी तुमचं ते अकरा चाळीस...

काका : नीट बघ कागद. तू 'आठवडाभर' वाचलंस, तेव्हाच खोडलं.